हौसा काय म्हणाली

रत्नागिरी,
ता. १५ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. राही हीस,

ताईचे आशीर्वाद. पाकिटात मावले तेवढे घातले आहेत, बाकीचे तू मिरजेच्या दवाखान्यातल्या खाटेवर पडल्यापडल्या धरून चाल.

इकडे सर्व ठीक, म्हणजे रत्नागिरीत जितपत ठीक असतं तितपत. शाळेत नव्या हेडबाई आल्या आहेत. मुली गप्प बसल्या की शिकल्या, असं त्यांचं मत आहे. त्या हिशेबाने आमचा चौथीचा वर्ग या वर्षी विद्वान होणार.

तुझं वजन चार पौंडांनी वाढलं हे वाचून मी सखूला ओरडून सांगितलं. तिला ऐकू येत नाही, पण ती हसली. तिला खोकला नाही एवढं पाहून मी तुझ्या हौसाला सांभाळायला सखू ठेवली होती. कानांचं नंतर कळलं. पण बाई स्वच्छ आहे आणि कुणाची चहाडी ऐकत नाही.

आता तुला हवं ते. परवा सखूने भात फार मऊ केला. तुझी लेक ताटलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, हा भात आधी कुणी खाल्लाय?" हेडबाई घरी आल्या, तर त्यांच्या अंबाड्याकडे बघून मला विचारते, "यांनी डोक्यावर नारळ का बांधलाय?" मुंबईहून काशीरामचं पत्र आलं. "मी मजेत आहे, तुम्ही मजेत असा," संपलं. मी वाचून दाखवलं. हौसा म्हणाली, "आणि?" बापाला तिने एका शब्दात पास-नापास करून टाकलं.

एकच वाईट सवय लागली आहे. दिसेल त्याला बोट दाखवते. कावळा, होडी, मांडवावरचा दुध्या भोपळा. कोवळ्या दुध्याला बोट दाखवलं की तो सडतो, असं आपली आई म्हणायची. मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई, पण तिचं बोट मी मिटवते. दुध्या वाचला.

दुपारी शाळा सुटून मी घरी येते तेव्हा कधी कधी खाडीला ओहोटी असते. ओटीवर ऊन पाण्यासारखं पसरलेलं असतं आणि त्यात हौसा बसलेली असते, हातात नारळीचं पान धरून, त्याची सावली हलवत. सगळं इतकं शांत असतं, की आपण खाडीच्या तळाशी राहतो आणि वरून होड्या जातात असं वाटतं. अशा वेळी मी चहा उशिरा करते.

ती तुझी आठवण काढते का, असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. काढते. ते सविस्तर लिहिलं असतं, पण कागद संपला.

जीव सांभाळ, दूध टाकू नकोस.
तुझी ताई


रत्नागिरी,
ता. १० जानेवारी १९५४

चि. राही,

आशीर्वाद. आज ते जरा जपून देते आहे, कारण पत्र वाचून होईपर्यंत तू ते परत करशील असं मला वाटतं.

तुझं पत्र गुरुवारी आलं. छातीतला डाग सुकला, मार्चमध्ये घरी सोडणार, काशीराम मिरजेहून तुला घेऊन येणार. मी ते पत्र ओटीवर उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. बाईने आनंदाने रडावं असं ते पत्र होतं. मला घाम फुटला.

आंब्याला या वर्षी मोहोर चांगला आहे. हेडबाईंना पडसं झालं आहे. शेजारच्या मैमुनाच्या नवऱ्याने, सुलेमान तांडेलाने, गलबताला नवं शीड घेतलं. म्हणजे मी विषय टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

हौसा बोलत नाही.

भाताचं नाही, नारळाचं नाही, "आणि?" सुद्धा नाही. तुझी लेक बावीस महिन्यांची झाली आणि एकही शब्द तिच्या तोंडून येत नाही. तुला गेले दहा महिने लिहिलेलं सगळं मी लिहिलेलं आहे. बावीस महिन्यांचं मूल हेडबाईंच्या अंबाड्यावर शेरे मारत नाही, हे तू, एका मुलाची आई, कसं ओळखलं नाहीस? तुला ते हवं होतं, म्हणून. आणि मला द्यायला दुसरं काही नव्हतं. पहिल्या वेळी एकच वाक्य घातलं. तू उत्तरात लिहिलंस की तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसलीस आणि खोकला आला नाही. मग मी कशाला थांबते?

काशीराम मे महिन्यात चार दिवस येऊन गेला. पोर गप्प, बाप गप्प. दोघं ओटीवर समोरासमोर बसून खाडी बघत होते. जाताना म्हणाला, "माझ्यावर गेलीय." मी म्हटलं, "हो."

झालं कसं, ते सांगते. तू मिरजेला गेलीस तेव्हा हौसा सात महिन्यांची होती. त्याआधी दोन महिने तुझी उशापायथ्याची सेवा मीच केली होती. डॉक्टरांनी बजावलं, मुलाच्या तोंडाजवळ कुणी श्वास सोडायचा नाही. मी विचार केला, तो क्षय माझ्यातच दडून बसला असला तर? म्हणून हौसाला घेताना मी पदर नाकातोंडावर ओढायला लागले, डोळ्यांखाली गच्च. पापा नाही, गालाला गाल नाही. बोलायचं तेवढ्यापुरतं, तेही पदरातून. दिवसभर सखू, तिचं तर आपण जाणतोच. शेजारच्या मैमुनाला मी सांगून टाकलं, की बाई, तुझी सहा पोरं बारा ठिकाणी फिरतात, तू कुंपणाच्या गडग्यापलीकडेच राहा. ती राहिली. अपमान तिने मनात ठेवला नाही, जिभेवर ठेवला.

तुझं पत्र आल्यावर मी सगळे उपाय केले. वेखंड उगाळून मधातून चाटवलं. पोपटाने चोच मारलेला पेरू आणवला. हौसाने पेरू खाल्ला आणि देठ मला दिला. मग मी शाळेसारखं सुरू केलं. तिला समोर बसवलं, पेला दाखवला आणि विचारलं, "हे काय? सांग. हे काय? सांग लवकर." ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. चौथीतल्या मुली बघतात तशी.

गडग्यापलीकडून आवाज आला.

"गोदूबाई, तुज्या घरात पोर हाय का मांजर?"

"का गं?"

"मांजर तरी म्यांव करतंय."

मी म्हटलं, "मैमुना, तिला मी काही कमी करत नाही. दूध, अंडं, लोकरीची टोपी."

"नि थोबाड?"

"काय?"

"तुजं थोबाड, बाय. ते कधी दिलंस? सव्वा वरीस पोर तुजे डोळेच बघतंय. बोलतात कशानं, ते तिला दिसलाच नाय. माज्या बुरख्यावर तू टोमणे मारतेस. मी तो बाहेर जाताना घालते गो. तू तर घरात घालून बसलीस."

राही, मी उभ्या गावाला बोलून गप्प केलेली बाई.

मी पदर खाली घेतला. हौसा कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली, भिंतीत अचानक खिडकी निघाल्यासारखी. मग पुढे आली आणि तिने माझ्या पुढच्या दातावर बोट ठेवलं.

तिथून पुढे काय होईल ते ठाऊक नाही. तुला सांगितलं, एवढंच.
तुझी (अजून असेन तर) ताई


रत्नागिरी,
ता. ७ मार्च १९५४

राही,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं म्हणून आजच टाकते आहे. आशीर्वाद तूच घे, तुला वाटतील तेवढे.

तुझं कार्ड चार आठवड्यांनी आलं. इतके दिवस पोस्टमनने माझ्याकडे दयेने बघितलं. त्यावर तीनच प्रश्न होते, आणि शेवटी तुझी सही, "ताई" शब्दाशिवाय. क्रमाने उत्तरं देते.

पहिला. "ती वाक्यं मी वॉर्डातल्या सगळ्यांना वाचून दाखवत होते. आता त्यांना काय सांगू?" त्यांना सांग, की ती एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईची होती. घरात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ती एका मुक्या पोरीच्या तोंडी घातली. हसू आलं असेल तर ते त्यांचंच राहू दे.

दुसरा. "त्यातलं एक तरी खरं होतं का?" होतं. बोट दाखवते, ते खरं होतं. त्यात विनोद नव्हता म्हणून मी ते वाईट सवय म्हणून उरकलं. मैमुनाने ऐकलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगो, बोट दाखवते म्हंजे बोलतेच हाय ती! तुला म्हणते, मावशे, ते बघ. नि तू तिचा हात मोडतेस?" मी दुध्याचं सांगितलं. ती म्हणाली, "दुध्या सडू दे. चार आण्याला मिळतो."

तिसऱ्याकडे येते. धीर धर. मलाही धरायचा आहे.

गेले आठ आठवडे आम्ही रोज शाळा सुटल्यावर गडग्यावर बसतो. हौसा मध्ये, मी इकडे, मैमुना तिकडे मासळी साफ करत. पहिल्या दिवशी मैमुनाने मला नियम घालून दिले. "तू इचारू नको. तुला सवयच हाय, सवाल नि छडी. पोर कशाकडे बघते ते बघ. त्याचं नाव सांग. मग गप बस."

"किती वेळ?"

"पाच मोज. मनात. नि तेवढ्यात बोललीस तर हा बांगडा तोंडावर मारीन." तिच्या हातात खरंच बांगडा होता, आणि बेतही खरा होता.

थांबणं इतकं कठीण असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जन्मभर मी समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी पूर्ण केलं. आता म्हणायचं, "कावळा," आणि एक, दोन, तीन. त्या तीनपर्यंत खाडीवरचा वारा ऐकू येतो, शेजारच्या माडाची झावळी ऐकू येते. चारला पोर ओठ हलवते, आवाज नाही. पाचला मी पुन्हा म्हणते, "कावळा. उडाला." बाराव्या दिवशी तिने "बू" असा आवाज काढला. मैमुना म्हणाली, "तू पण म्हण." मी ट्रेनिंग कॉलेजात पहिली आलेली बाई, चौथीच्या तीन मुली रस्त्याने जात असताना गडग्यावर बसून "बू" म्हणाले. हौसा हसली. तिने पुन्हा म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. बहुतेक अर्धा तास आम्ही तेवढंच बोललो. हेडबाईंशी मी वर्षभरात इतकं सरळ बोललेले नाही.

मग धक्क्यावरची गोष्ट. गेल्या महिन्यात एका दुपारी मैमुनाला पलीकडच्या गावी जायचं होतं, म्हणून आम्ही तिघी खाडीच्या काठी गेलो. हवा धुरकट, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मध्ये रेघ नाही. होडी पलीकडे होती आणि इतकी पुसट, की ती पाण्यावर आहे की हवेत, ते सांगता येत नव्हतं. मैमुनाने बुरख्याचा पडदा वर टाकला, तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली, "ओऽऽ धाकूऽऽ!" आणि थांबली. काहीच नाही. मग कितीतरी वेळाने त्या धुरातून, माणूस दिसत नसताना, धाकूचा आवाज आला, "होऽऽ!"

हौसा माझ्या कडेवर ताठ झाली. तिने पाण्याकडे बोट दाखवलं. मग मैमुनाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मी मोजत होते. तीनवर तिने मान मागे टाकली आणि ओरडली, "ओऽऽऽ!"

होडीला आता हाकेची गरज नव्हती, ती निघालीच होती. धाकूला ते कुणाचं पोर, ते बोलत नाही, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने खाडीच्या मधून उत्तर दिलं, "होऽऽ! आलोऽऽ!"

तिच्या अंगातून काहीतरी वाहून गेलेलं मला माझ्या कुशीला कळलं. तिने पुन्हा हाक मारली. त्याने पुन्हा ओ दिली. होडी जवळ येत गेली, माणूस दिसायला लागला, त्याची वल्ही, त्याची टोपी, आणि ती ओरडत राहिली, तो उत्तर देत राहिला. काठाला लागल्यावर धाकू म्हणाला, "बाईंची पोर लय गप्पिष्ट हाय." मैमुना होडीत बसली आणि बुरख्याच्या टोकाने डोळे पुसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "खारा वारा लागला."

आता तिच्याकडे नऊ शब्द आहेत. मी लिहून ठेवलेले नाहीत, तू येऊन ऐक. एकही हुशारीचा नाही.

तर तिसरा प्रश्न. "ताई, मे महिन्यात मिरजेला मला भेटायला आलीस तेव्हा तुझ्याही छातीची एक्स-रे प्लेट काढली होती. ती स्वच्छ होती. मग त्यानंतर आठ महिने पदर कशाला?"

आजारी माणसाला पडल्यापडल्या विचार करायला फार वेळ मिळतो, हे मी विसरले होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे हौसा अकरा महिन्यांची असताना, मी तिला न्हाऊ घालून पुसत होते. भिजल्यामुळे पदर बाजूला सरला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई." तेव्हा ती बडबडायची, राही. बा, दा, सगळं. पण हे बडबडणं नव्हतं. तिने हाक मारली होती.

मी वीस वर्षं विधवा आहे. त्याआधीही मला कुणी तो शब्द म्हटला नव्हता. मला तो इतका गोड लागला की मी घाबरले. मला वाटलं, तू तिथे रक्ताच्या गुळण्या टाकते आहेस आणि मी इथे तुझी हाक खाते आहे. मी पदर ओढला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हाक मारली. मी सखूच्या हातात तिला देऊन आत गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ओ कुणी दिली नाही. असे चारपाच दिवस गेले असतील. मग ती हाक थांबली, आणि हळूहळू बा थांबलं, दा थांबलं. घर शांत झालं. त्या शांततेला मी तुला खाडीचा तळ वगैरे लिहिलं.

तेव्हापासून पदर रोगासाठी नव्हता. तो शब्द तुझ्यासाठी राखून ठेवावा असं मला वाटलं, जसा कुणी दागिना राखून ठेवतो. पोराची हाक अशी राखून ठेवता येत नाही. तिला त्याच वेळी ओ द्यावी लागते, नाहीतर ती मरते. हे सहा पोरांच्या आईला, आणि होडीवाल्या धाकूलाही, ठाऊक होतं. मला नव्हतं.

आता आजचं. मी ठरवलं होतं की हे लिहायचं नाही. मग म्हटलं, तीच सवय पुन्हा.

आज सकाळी मी चुलीपाशी होते. ती मागून आली, माझं लुगडं ओढलं आणि म्हणाली, "आई." स्पष्ट. सखूला ऐकू येत नाही, म्हणून साक्षीदार नाही. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल, आणि तो मी कसा वापरला आहे ते तू जाणतेस.

मी पाच मोजायला घेतले. दोनच्या पुढे जाता आलं नाही. मी ओ दिली, राही. "काय गं बाळा," म्हटलं. ती काही सांगायला आलीच नव्हती. ओ मिळाली, ती घेऊन परत ओटीवर गेली.

तू शुक्रवारी येशील. ती तुला ओळखणार नाही. ती माझ्यामागे लपेल आणि तुझ्यासमोर मला त्या नावाने हाक मारेल. ते तुला ऐकावं लागेल. मी त्या वेळी शाळेत निघून जावं असं ठरवलं होतं. मैमुनाला सांगितलं, तर तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "एक आय आधीच उठून गेली तिची. आता दुसरी कुठं चाललीस?" म्हणून मी घरीच असेन, मागच्या दारात.

तिला लगेच उचलू नकोस. खाली बस, तिचे डोळे येतात तेवढ्या उंचीवर. तोंड उघडं ठेव. तुझ्या डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे ना? ती ज्याला बोट दाखवेल त्याचं नाव सांग आणि थांब. ती तुला काहीतरी म्हणेल. पहिल्या दिवशी ते "आई" नसेल. "बू" असेल, "ओ" असेल, कदाचित धाकू असेल. कसलंही असो, तू ओ दे. असं रोज देत राहिलीस, की एके दिवशी ती हाक मारेल आणि वळून बघायचा अधिकार तुझा असेल. त्या दिवशी मीही वळेन. सवयीने. मला रागावू नकोस.

ती काय म्हणाली, हे यापुढे मी कुणाला लिहिणार नाही.

तुझी, आणि आज खोटं लिहायचं नाही म्हणून, तिचीही,
गोदू